डेल्फिनोच्या गाडीची मागची सीट

चिमायो, ११ फेब्रुवारी १९९६

प्रुदेन्सिया विहीणबाईंना तिओफिला आर्चुलेटाचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. माझ्या भावाची मुलगी ओर्लिंडा, तिने ते मला वाचून दाखवलं. वाचण्याआधी ती बराच वेळ नुसती बघत बसली. मी म्हटलं, "काय गं, कोणी गेलं का?" तर म्हणते, "आत्या, अक्षर बघ काय सुंदर आहे!" आता मला अक्षर दाखवून काय उपयोग? मला सगळ्यांची अक्षरं सारखीच, मुंग्या चालल्यासारखी. तुमच्या मुंग्या रांगेत चालतात, एवढं मात्र मलाही दिसलं.

हे पत्र मी सांगतेय आणि ओर्लिंडा लिहितेय. ती बायकांचे केस कापायच्या दुकानात असते. तिच्या हाताला कापायची सवय आहे, म्हणून आधीच बजावून ठेवलंय की माझ्या बोलण्यातलं काही कापायचं नाही.

तर तुम्ही विचारलंय की एलॉयच्या वडिलांच्या गाडीच्या सीटा कुठल्या रंगाच्या होत्या आणि त्यावरच्या चौकटी केवढ्या होत्या. एलॉय ती गाडी प्लॅस्टिकमध्ये बांधतोय, वीतभर लांबीची, चौसष्टची इम्पाला, हुबेहूब, खालच्या पट्टीपर्यंत, हे मला माहीत आहे. ईस्टरला ती घेऊन घरी येणार आणि शेजारच्या एस्पन्योला गावातल्या छोट्या गाड्यांच्या प्रदर्शनात मांडणार, हेही माहीत आहे. माझा नातू आहे तो. मला सांगतो. सीटा तुम्ही करणार आहात, तेवढं सांगायचं मात्र विसरला. ते तुमच्याकडून कळलं. उपकार झाले.

तुम्हाला वाटेल म्हातारी लगेच तिरकं बोलायला लागली. तसं काही नाही. तुमच्या नातीने, यादिराने, नाताळात तो फोटो पाठवला होता ना, एलॉयची छोटी निळी गाडी, आत तुम्ही केलेल्या पांढऱ्याशुभ्र सीटा, तो मी कपाटावर लावून ठेवलाय. तिथे भिंतीला ओल आली होती, ती झाकायला काहीतरी हवंच होतं. सीटा छान आहेत. तुम्ही लग्नाच्या झग्यांच्या कारखान्यात होतात, असं यादिरा म्हणाली. तेव्हा सॅटिनचं कापड घरात असेलच, नाही का. आम्हा गरिबांना सीटांसाठी टोपीचं अस्तर उसवावं लागायचं.

विहीणबाई, एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसेल, म्हणून मी सांगते. डेल्फिनो, माझा मुलगा, कोलोराडोच्या रस्त्यावर ट्रक उलटून वारला, तेव्हा एलॉय सहा वर्षांचा होता. त्याच्या आईने इम्पाला टेक्सासच्या कुणाला विकली आणि पुढच्याच उन्हाळ्यात स्वतःही तिकडेच गेली. पोर माझ्याकडे राहिलं. बोलेचना. मग मी त्याला प्लॅस्टिकच्या गाडीचा एक खोका आणून दिला. त्याने सुटे भाग जोडले, मी आत सीटा घातल्या. त्यानंतर या टेबलावर किती गाड्या झाल्या ते देवाला माहीत. चाकं त्याची, रंग त्याचा, सीटा माझ्या. अशी वाटणी होती आमची. तो तिकडे लॉस एंजेलिसला गाड्या रंगवायच्या कामाला गेला, तुमच्या यादिराशी लग्न करून तुमच्याच घरात राहिला, तेव्हा ही वाटणी बदलली असं मला कुणी कळवलं नाही.

म्हणून साधी गोष्ट सुचवते. डेल्फिनोच्या गाडीचा आतला भाग इकडे पाठवा. मी करते सीटा. माझ्या मुलाच्या गाडीच्या आहेत त्या. तुमच्या हाताला तेवढाच आराम.

आणि रंग विचारत असाल, तर लाल. लिही, ओर्लिंडा, लाल. माझ्याकडे काय बघतेस, कागदाकडे बघ.

तुमची विहीण,
तिओफिला

---

चिमायो, ३ मार्च १९९६

विहीणबाई,

तुमची भोपळ्याची वडी मिळाली. गोड आहे. जरा जास्तच.

आतला भाग काही आला नाही. त्याऐवजी तुमचा निरोप आला की "तुम्ही कशाला त्रास घेता, तुमचे गुडघे दुखतात असं एलॉय सांगत होता." विहीणबाई, तुमच्याकडे सीटा गुडघ्याने शिवतात का? आमच्याकडे हाताने शिवतात. लग्नाला आले नाही ते गुडघ्यांमुळे. वीस तासांच्या बसच्या प्रवासाने त्यांचं भजं झालं असतं. पण हात शाबूत आहेत. सुईत दोरा मी अजून चष्म्याशिवाय ओवते. ओर्लिंडा, हसू नकोस, ओवतेच मी. पहिल्या खेपेला नाही ओवत, ते वेगळं.

शिवाय तुम्ही पुन्हा विचारलंय, "नक्की लाल ना?" एकदा सांगितलं ना. आमच्याकडे मिरच्या लाल असतात, माती लाल असते, तशाच सीटाही लाल.

परवा एलॉयचा फोन आला होता. मी विचारलं, "काय रे, गाडी कुठवर आली?"

म्हणाला, "आजी, छत रंगवून झालं. सोनेरी थरावर लाल चढवतोय, एकदम पातळ, सात-आठ हात."

मी म्हटलं, "घाई करू नकोस, एकेक हात वाळू दे."

तो म्हणतो, "प्रुदेन्सिया आजी पण हेच म्हणाली."

प्रुदेन्सिया आजी! बरं. माझ्या तोंडातलं वाक्य तुमच्या तोंडात आधी कसं पोचतं, हे एक कोडंच आहे. मी त्याला म्हटलं, "अरे वा, तुला आता दोन आज्या झाल्या. एकीने थंडीचे मोजे विणावेत आणि दुसरीने सीटा शिवाव्यात." तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

डेल्फिनोची गाडी तुम्ही पाहिलेली नाही, म्हणून थोडं सांगते. रविवारी दुपारी चर्च सुटलं की तो ती बाहेर काढायचा. एस्पन्योलाच्या मोठ्या रस्त्याने इतकी हळू न्यायचा की पायी चाललेली पोरं पुढे निघून जायची. जमिनीपासून एक वीत उंच, बस. खड्डा आला की बटण दाबून पुढचा भाग उचलायचा, माणूस टोपी उचलतो ना, तसा. समोरून ओळखीचं कोणी आलं तरी तसाच उचलायचा. मी म्हणायचे, "अरे, कमरेत वाकून नमस्कार कर, लोखंडाला कशाला कष्ट देतोस?" तो म्हणायचा, "आई, हाच नमस्कार." पुढे तो आणि त्याची बायको, मध्ये एलॉय, मागे मी. त्या सीटांवर दुसरं कुणी बसलेलं मला चालायचं नाही. का चालायचं नाही, ते कळायला त्या कुणी केल्या हे माहीत असावं लागतं. असो.

तुम्हाला उपयोगी पडावं म्हणून एक सांगते. इथल्या एका बाईने, नाव सांगत नाही, अगदी हीच इम्पाला, खोक्यातली, दुकानातून आणली. तिला वाटलं आपणही एक करून बघावी, आपण कुणापेक्षा कमी आहोत का. रंग म्हणून तिने काय वापरलं असेल? नखांचं पॉलिश. भाचीच्या दुकानातलं, खास लाल. नखांचं पॉलिश उत्तम चमकतं, हे खरं. पण आधी अस्तराचा रंग मारून मगच चढवायचं असतं. नाहीतर ते प्लॅस्टिक खातं. सकाळी बघते तर छत मगरीच्या पाठीसारखं सुरकुतलेलं, आणि बॉनेटवर असे फोड आले होते की बघवेना. तर तुम्ही तसं करू नका.

ओर्लिंडाला खोकला झालाय, म्हणून मध्येच अक्षर हललंय. कसला खोकला आणि कसलं काय. हसण्याचा आहे.

आतला भाग पाठवता का? एवढंच विचारते.

तिओफिला

---

चिमायो, १७ मार्च १९९६

विहीणबाई,

काल यादिराचा फोन आला. बिचारी रडवेली झाली होती. तिचं म्हणणं असं: तुम्ही लाल सीटा करून आतल्या भागात बसवल्या, झटपट गोंदाने. वरून गाडीचं अंग बसवलं, म्हणजे एलॉय सकाळी उठला की त्याला अचानक दाखवता येईल. आणि सकाळी बघता तर सगळ्या काचा पांढऱ्या! आतून धुकं पसरल्यासारख्या. पुसल्या तरी जाईनात.

मी फोनवर किती शांत राहिले, ते तुम्हाला यादिरा सांगेल. "अगं बाई," एवढंच म्हटलं. मग फोन ठेवला, कॉफी केली, अंगणात जाऊन मिरच्यांच्या माळांपाशी उभी राहिले आणि शेजारीण बाहेर येईपर्यंत हसले. लपवून काय करू? ओर्लिंडा म्हणाली, "आत्या, हे लिहायचं?" मी म्हटलं, लिही. एवढं सुंदर अक्षर तुमचं, मग गोंदाच्या नळीवर काय लिहिलंय ते वाचलं नाहीत का?

विहीणबाई, झटपट गोंद वाळताना वाफ सोडतो. उघड्यावर ती उडून जाते. गाडी बंद केलीत की वाफ आतच कोंडते आणि पहिल्यांदा काचांना धरते. ही चूक कारखान्यात झगे शिवताना होत नाही, खऱ्या गाड्या रंगवतानाही होत नाही. फक्त आपल्यासारखे, रात्रीतून काहीतरी पुरं करून कुणालातरी चकित करायला निघालेले लोक करतात. म्हणजे एलॉयसारखे. त्याची पहिली हिरवी गाडी याच टेबलावर अशीच पांढरी झाली होती. तो खुर्चीखाली जाऊन बसला होता.

उपाय मला माहीत आहे. सांगू की नको, यावर काल संध्याकाळ घालवली. अर्धा वेळ "नको" वर होते.

ओर्लिंडा म्हणाली, "आत्या, ती बाई तिकडे रडत असेल."

मी म्हटलं, "रडू दे जरा. सॅटिनने डोळे पुसेल."

"आणि गाडी कुणाची आहे?"

ही पोरगी केस कापते तसंच बोलणंही कापते. गाडी डेल्फिनोची आहे. काचा त्याच्या आहेत. तर ऐका.

गाडीचं अंग खालून सोडवा, एलॉयने स्क्रूने बसवलं असेल तर सहज निघेल. आधी सगळं दोन दिवस उघडं ठेवा, वाफ जाऊ द्या. मग जुन्या धुतलेल्या बनियनचा मऊ तुकडा घ्या, त्यावर दात घासायची पेस्ट, पांढरी, मटारएवढी. रंगीत पट्टे असलेली नको, ती ओरखडे पाडते. काचेवर गोल गोल फिरवा, जोर लावू नका. मग ओल्या कापडाने पुसा आणि पुन्हा करा. कंटाळा येईल. येऊ दे. आणि यापुढे काचेच्या जवळ फक्त पांढरा गोंद, शाळेतली मुलं वापरतात तो. वेळ लागतो त्याला. पण गाडी कुठे पळून जाणार आहे?

मला वाटलं होतं हे पत्र सांगताना मला मजा येईल. पहिल्या अर्ध्यात आली.

एक विचारायचं राहिलं. पांढऱ्या झालेल्या काचा बघून एलॉय काय म्हणाला? यादिराने ते सांगितलं नाही. तो चिडला असेल तर माझ्याकडून सांगा की आजी म्हणाली, चिडू नकोस. म्हणजे मी, तिओफिला आजी. नीट सांगा, गोंधळ नको.

तुमची,
तिओफिला

---

चिमायो, २६ मार्च १९९६

प्रुदेन्सिया,

ओर्लिंडा म्हणतेय की वर 'विहीणबाई' लिहायचं राहिलं. राहिलं नाही. आज मला तुझ्याशी सरळ बोलायचंय, आणि 'तुम्ही तुम्ही' करत सरळ बोलता येत नाही. राग येईल तर येऊ दे, वयाने मी मोठी असणारच.

रविवारी एलॉयचा फोन आला. मी बसून घेतलं, कारण आवाजावरून कळलं की हा काहीतरी सांगणार आहे. म्हणाला, "आजी, तुझ्या टूथपेस्टने काचा एकदम लख्ख झाल्या. पुढची, बाजूच्या, सगळ्या. फक्त मागची मी पुसली नाही."

"का? हात मोडले का तुझे?"

"राहू दे तशीच. खरी तशीच असायची."

"काय तशीच असायची?"

"आजी, थंडीत आपण फिरायला जायचो ना. पुढे काचा स्वच्छ असायच्या. मागे तू बसायचीस आणि तू बोलायला लागलीस की तुझ्या तोंडच्या वाफेने मागची काच पांढरी व्हायची. बाबा आरशात बघायचे आणि म्हणायचे, 'एलॉय, आजीला म्हणावं जरा दम घे, मागून ट्रक येतोय की देव येतोय, काही दिसत नाहीये मला.'"

प्रुदेन्सिया, मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

हे पोर सहा वर्षांचं होतं. त्याला काही आठवत नाही, असं मी धरून चालले होते. डेल्फिनोचं सगळं माझ्याजवळ आहे आणि ते मागायला त्याला माझ्याकडेच यावं लागेल, असं वाटायचं. त्यात एक सुख होतं, खोटं कशाला बोलू. त्याने तुझ्याकडून सीटा करून घ्यायच्या ठरवल्या तेव्हा ते सुख कुणीतरी हातातून ओढून घेतल्यासारखं झालं. आणि आता बघ, तुझ्या गोंदाची चूक झाली आणि त्या चुकीत त्याने मला बसवलं. मागच्या सीटवर, काच पांढरी करत. माझ्या इतक्या वर्षांच्या शिवणकामाने जे झालं नाही, ते तुझ्या धांदरटपणाने झालं. याचा मला अजून राग आहे. तो जाईल असं वाटत नाही, तू वाट बघू नकोस.

पुढचं ऐक. एलॉय म्हणाला, "आणि आजी, सीटा लाल नव्हत्या."

मी म्हटलं, "कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. मी त्यांच्यावर झोपायचो. उठलो की गालावर बटणाचा छाप असायचा. लाल नव्हत्या. वांग्यासारख्या होत्या, आणि उन्हाच्या बाजूला तपकिरी पडलेल्या."

"मग तू त्या प्रुदेन्सियाला का नाही सांगितलंस? ती लाल करत बसली!"

म्हणाला, "तू लाल म्हणाली होतीस. मी तिच्यासमोर तुला खोटं कसं पाडणार?"

झालं. असा नातू आहे. तुला लाल सीटा करू दिल्या, स्वतःच्या बापाच्या गाडीत चुकीच्या सीटा बसू दिल्या, पण म्हाताऱ्या आजीला खोटं पाडलं नाही. तुला त्याने लाल का करू दिल्या याचा तू विचार करत असशील, तर हे उत्तर. तू दोनदा विचारलंस, "नक्की लाल ना?" तेव्हा तुलाही वास आला असणार. आला होता ना? कारखान्यात इतकी वर्षं कापड हाताळलेल्या बाईला कळतं, सोनेरी-लाल गाडीत लाल मखमल कोण घालेल?

लाल मी मुद्दाम सांगितलं होतं, तुझ्या सीटा चुकाव्यात म्हणून. तर खरं हे. ती वांगी रंगाची मखमल होती. एस्पन्योलाचं जुनं थिएटर बंद झालं तेव्हा त्याचा पडदा लोकांनी वाटून घेतला, त्यातला माझ्या वाट्याला आलेला तुकडा. डेल्फिनोने सीटा काढून अंगणात ठेवल्या आणि मी त्या चौकटी-चौकटींनी टाचल्या, मध्ये बटणं. माझ्या हाताला आठवडाभर सुया टोचत होत्या. सिनेमाचा वास त्या सीटांना कधी सोडून गेला नाही, मक्याच्या लाह्यांचा आणि जुन्या धुळीचा. म्हणून मला तिथे दुसरं कुणी बसलेलं चालायचं नाही.

त्या मखमलीचा एक तुकडा माझ्याकडे आहे. उशीच्या आत भरलेला होता. फोन ठेवल्यावर मी तो काढला. पहिल्यांदा वाटलं, तोच पाठवते तुला, खरं कापड, त्याच्यापुढे काय बोलणार? मग तो मी त्या दुसऱ्या इम्पालाच्या सीटवर ठेवून बघितला. हो, तीच, मगरीची. ती माझी आहे, आता काय लपवायचं. खरं कापड सीटवर ठेवलं तर अस्वलाचं कातडं पांघरल्यासारखं दिसलं. एवढ्याशा गाडीत खरी मखमल खोटी दिसते, प्रुदेन्सिया. तू सॅटिन वापरतेस ते बरोबर आहे, ते पातळ असतं. हे मला मान्य करायला किती जड गेलं ते ओर्लिंडाला विचार.

पण मी आर्चुलेटा आहे. डेल्फिनोचं दाढीचं पातं धरलं आणि मखमलीचा नुसता केस तासून काढला. वरचा मऊ केस, कापड मागे राहिलं. पिठासारखी बारीक पूड पडली. वांगी, आणि कडेची जिथे ऊन लागलं होतं तिथली तपकिरी. ती वेगवेगळी गोळा केली. ओर्लिंडाने नखांच्या पॉलिशच्या दोन रिकाम्या बाटल्या धुऊन दिल्या. त्या यासोबत आहेत. हलवू नकोस, शिंकू नकोस, खिडकी बंद करून उघड.

लाल सॅटिन अलगद सोडव. फाडू नकोस, तुझं काम चांगलं आहे, मी उलटसुलट करून बघितलं नसलं तरी मला माहीत आहे. मग सीटच्या प्लॅस्टिकवर सुईने तिरक्या चौकटी कोर. पांढऱ्या गोंदात थोडा वांगी रंग मिसळ, नाहीतर खालचं प्लॅस्टिक दिसतं. तो लाव, आणि वरून पूड चहाच्या गाळण्यातून शिंपड. ओलं असतानाच दात कोरायच्या काडीने चौकटींच्या रेषा पुन्हा दाब. ड्रायव्हरच्या सीटवर डाव्या बाजूला, खिडकीकडे, तपकिरी पूड. डेल्फिनो कोपर बाहेर काढून बसायचा, ऊन तिथूनच यायचं.

हे सगळं पुढच्या दोन सीटांसाठी. पुढच्या सीटा खोक्यात सुट्या येतात, त्या तू कर. माझा मुलगा आणि सून पुढे बसायचे. मुलाला मी शिवून दिलं, आता तुझ्या हातचंही मिळू दे. एलॉय तुला आजी म्हणतो, तर तेवढं तुझ्या हातून घडलं पाहिजे.

मागची सीट मात्र सुटी येत नाही. ती आतल्या टबलाच चिकटलेली असते, जमीन, दारांच्या आतल्या बाजू आणि मागची सीट, सगळं एका तुकड्यात. म्हणून इतके दिवस मी "आतला भाग पाठव" म्हणत होते आणि तू "कशाला त्रास" म्हणत होतीस. आता पाठवू नकोस. घेऊन ये. मागच्या सीटची पूड मी तुला दिलेली नाही, ती माझ्याजवळ आहे. तिथे मी बसायचे. ती मीच करणार. त्यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

टब चिकटवू नका, स्क्रूवरच ठेवा. ईस्टरच्या आधी दोन दिवस या, एलॉय, यादिरा आणि तू. एलॉय म्हणतो तुला बसमध्ये चक्कर येते. आल्याचा तुकडा तोंडात धर. हात कापत नाहीत ना तुझे? माझे हल्ली शिंपडताना कापतात. हे एलॉयला माहीत नाही, ओर्लिंडाला आजच कळलं आणि ती लिहायची थांबलीये. लिही गं. गाळणं मी धरणार, पण माझं मनगट कुणीतरी धरावं लागेल. ते ओर्लिंडाने धरलं तर चालणार नाही, तिला हसू आवरत नाही. तू धर.

पांढरी काच तशीच राहू दे. एस्पन्योलाचे परीक्षक येऊन म्हणतील की काच खराब झालीये, गुण कापू. कापू देत. एलॉय त्यांना सांगेल काय सांगायचं ते. मीही शेजारी उभी राहून सांगेन, म्हणजे समोरची काचही पांढरी होईल.

आणि एक शेवटचं. तिथे प्रत्येक गाडीपुढे एक पाटी ठेवावी लागते, गाडी कुणाची, रंग कुणाचा, सीटा कुणाच्या. एलॉय म्हणाला पाटी तू लिहिणार, कारण तुझं अक्षर सुंदर आहे. लिही. सीटांपुढे दोन्ही नावं घाल, माझं वर आणि तुझं खाली. मला वाचता येत नाही हे खरं, पण वर काय आणि खाली काय, एवढं मला कळतं.

तिओफिला